दहा पावलांवरची ड्युटी

बाबा,

कंपनीचं पत्र आलंय. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा, नाहीतर घरूनच का काम करायचं ते उद्यापर्यंत लेखी कळवा. सकाळपासून ते कारण लिहायला बसली आहे आणि लिहून राहिली आहे तुम्हाला. घरून काम म्हणजे काय, हेच आधी तुम्हाला सांगावं लागेल. "घरी बसून पगार? कोण मालक हाय असा येडा?" असंच म्हणाला असता तुम्ही. आहेत बाबा असे मालक. साथीच्या वर्षी सगळ्यांना घरी धाडलं, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन भद्रावतीला आईकडे आली ती इथलीच झाली. तिकडे पुण्यात कंपनीने तीनपैकी दोन मजले सोडून दिले, ऑफिससमोरची पोहेवाली मावशी गावी निघून गेली, आम्ही मैत्रिणी राहायचो त्या इमारतीवर 'भाड्याने देणे'च्या पाट्या लटकल्या. इकडे आपल्या गल्लीत तीन घरांतून मीटिंगा चालतात, आणि लग्नाच्या हॉलचा वरचा मजला टेबलं-खुर्च्या टाकून, वायफाय लावून दिवसाच्या भाड्याने देतात. आता साहेबलोकांना ऑफिस पुन्हा भरलेलं पाहायचंय.

तुमची ड्युटी म्हणजे घरातून जाणं. माजरीच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरात पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत आई डबा भरते, तुम्ही ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या आवळता, सायकल काढता, आणि कोणीच काही बोलत नाही. खाली उतरणाऱ्या माणसाला घरची हाक द्यायची नाही, हा आपल्या सगळ्या लाइनीचाच नियम होता. मन घराकडे वळलं की डोक्यावरच्या दगडाकडे लक्ष राहत नाही, म्हणून. मी चौथीत होती, आई तापाने फणफणली होती, आणि मी खुळी धावत खाणीच्या गेटवर आली. निरोप गेला. तुम्ही वर आलात, नखशिखांत काळे, नुसते डोळे पांढरे. "काऊन आली इथी? घर पेटलं का?" मी म्हटलं, आईले ताप हाय. "मंग शेजारच्या बाईले सांगता येत नाई? ड्युटीवरच्या माणसाले घरून आवाज द्याचा नाई. समजलं?" गेटवरच्या सगळ्यांसमोर! घरी येईपर्यंत मी रडत होती. संध्याकाळी आंघोळ करून तुम्ही आईच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलात, माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि आठ दिवसांनी हाजरी ऑफिसातून काढून टाकलेलं एक टेबल रिक्षावर घालून आणलं. एक पाय आखूड होता, त्याखाली कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचा रबरी तुकडा कापून बसवला आणि म्हणालात, "हे तुयं ऑफिस." किती नाचली होती मी त्या दिवशी! काम अजून त्याच टेबलावर करते.

तुम्ही गेल्यावर तुमची बायको तुमच्याहून कडक निघाली. माझी खोली स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर, तरी ती रोज डबा भरते. खरंच भरते हो, झाकण लावून! नऊ वाजता टेबलावर ठेवते आणि दार ओढून घेते. विहारातल्या बाया बोलवायला आल्या तर अंगणातच दबक्या आवाजात सांगते, "हळू बोला वं, पोरगी ड्युटीवर हाय." मला हसू यायचं. मैत्रिणींना सांगून सांगून हसवलं मी.

दिवाळीनंतर एका सकाळी, अकराच्या सुमाराला, ती मागच्या नळाजवळ ओल्या फरशीवरून घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. माझी मीटिंग चालू होती, कानात हेडफोन. तासाभराने पाणी प्यायला उठली तेव्हा मला ती दिसली, भिंतीला टेकलेली, लुगडं ओलंचिंब, ओठ दाताखाली दाबलेले. मी ओरडलीच, "आवाज काऊन नाई दिला वं?" तर म्हणते, "तू ड्युटीवर होती ना."

तेव्हा तुमचा असा राग आला, बाबा! तुमच्या डोक्यावर दगड होता. माझ्या डोक्यावर काय होतं? पंखा! चंद्रपूरला ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालते. काल मला म्हणाली, "जा तू पुण्याले. माह्यापायी नोकरी नको सोडू." मी म्हटलं, मी कुठी जात नाही. साहेबांना लिहायला वाक्य तयारच आहे: आईला माझी गरज आहे, मी घरी असणं आवश्यक आहे. लिहिते आणि खोडते. गल्लीत सगळे म्हणतात, पोरगी असावी तर अशी. मी मान खाली घालून ऐकून घेते.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? टाकायचा नाहीच, म्हणून सांगते. त्या दिवशी मीटिंगमध्ये बोलायचा पुढचा नंबर माझा होता. हेडफोनमधूनही बादली आपटल्याचा आवाज मला ऐकू आला होता. मांजर असेल असं वाटलं, हे मी डॉक्टरांना सांगितलं. मांजर वाटलं नव्हतं, बाबा. आईच वाटली होती. पडली असेल तर हाक मारेल, असं मनाशी म्हणून मी मीटिंगमध्ये बोलायला लागली. आणि ती हाक मारणार नाही, हे मला माहीत होतं.