तीन इंच जास्त

रविवार, ९ मार्च
सकाळ

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. आपले मास्तर सांगायचे, पत्रात आधी खुशाली लिहावी, मग मजकूर. आणि मजकूर नसेल तर शाई वाया घालवू नये. माझी खुशाली एवढीच, की गुडघा जरा कुरकुरतो, बाकी देवाची कृपा आहे. मजकूरही आहे. पण तो कागदावर उतरायला वेळ घेईल, तेवढं सांभाळून घे.

तुझा रंधा मंगळवारी पोचला. तुझ्या लेकाने सोबत दोन ओळींची चिठ्ठी ठेवली होती : "काका, बाबा म्हणाले हे त्याला दे. हात थरथरतात, आता त्यांच्या उपयोगाचा नाही. दुसरं काही म्हणाले नाहीत." दुसरं काही म्हणाला नाहीस, हे लिहायची त्याला काय गरज होती? तू कधी काही म्हणतोस, हे काय मला माहीत नाही?

रंध्याच्या मुठीवर तुझ्या अंगठ्याचा खळगा पडला आहे. त्यात माझा अंगठा नीट बसत नाही.

तू विचारलेलं नाहीस, तरी खोलीचं सांगतो. खोली तीच, दहा बाय बारा. तू भिंतीला टांगलेलं घडीचं टेबल अजून सरळ उभं राहतं. तुझा नियम मी मोडलेला नाही : या खोलीत प्रत्येक वस्तूने दोन कामं करायची, नाहीतर बाहेर झोपायचं. त्यामुळे पेटी म्हणजे खुर्ची, खुर्ची म्हणजे शिडी, आणि पलंगाखाली कांदे-बटाटे.

खिडकीच्या गजांना मी तीन फळ्या अडकवल्या आहेत. त्यांवर डब्यांत पालक, मिरची, कोथिंबीर, आणि टोमॅटोची दोन झाडं. एक झाड फळ देतं, दुसरं नुसतं उंच होतं. छपराच्या पन्हळीतलं पाणी पिंपात घेतो. पाव घरी भाजतो, साबण घरी करतो, शर्टाची कॉलर उलटून मीच शिवतो. या महिन्यात बाजारातून फक्त मीठ, पीठ, तेल आणि काड्यापेटी आणली.

एका दिवसात हे जमलं नाही. आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या उरतात. पहिल्या वर्षी त्यांचे कप करून रोपं लावली, आणि कप चिकटवले पुस्तकाच्या खळीने. दिवसभर पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला खळ पाण्यात सुटते हे कळू नये! दुसऱ्या दिवशी सगळी रोपं एकमेकांच्या अंगावर झोपलेली. मग कपांना टाके घातले. समोरच्या खोलीतली शिंपीण हसून हसून खालीच बसली. म्हणाली, "भाऊ, आता रोपांना बाह्या पण लावून देऊ का?"

तिची जीभ तिच्या कात्रीसारखीच आहे. परवा माझी ताजी कोथिंबीर घेऊन जाताना दारात थांबली. "एवढं सगळं घरीच पिकवता," म्हणाली, "एखादं माणूस पण लावा की डब्यात. बोलायला होईल."

मीही हसलो. पण दार लावल्यावर पाणी घालायचा तांब्या तसाच हातात राहिला.

दादा, तुला ती पहिली तीन वर्षं आठवतात का? तू सुताराच्या हाताखाली, मी शाळा सोडून आलेला, पंधरा वर्षांचा. रविवारी तू खोलीत काहीतरी ठोकत बसायचास आणि मी फळी दाबून धरायचो. "बारक्या, हलू नकोस, फळी हलली तर बोट जाईल." "कुणाचं?" "ज्याची फळी हलेल त्याचं." भुशाचा वास उशीत असायचा. मी शाळेतली प्रार्थना पुटपुटत झोपायचो आणि तू म्हणायचास, "माझं पण नाव घाल त्यात, मला सगळी येत नाही." ते नाव मी अजून घालतो. एकही दिवस चुकलेला नाही. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

आता मजकुरावर येतो.

या वर्षी मला बटाटे लावायचे होते. त्याला खोल खोका लागतो, आणि फळी घरात एकच होती : खिडकीशेजारच्या भिंतीवर तू मारलेली रुंद फळी. मी अठरा वर्षांचा होतो तेव्हा तू ती रविवारमागून रविवार करत होतास. मला हात लावू देत नव्हतास. "हे काय?" विचारलं तर म्हणालास, "भिंतीला ओल येते, झाकतोय." तू गेल्यावर मी तिच्यावर खिळे ठोकले. तवा, बियांच्या पिशव्या, चाळण, कैची, सगळं एकतीस वर्षं त्या फळीवर टांगलेलं. रंधा आला, तसं वाटलं, हीच फळी उतरवून साफ करावी आणि तिचाच खोका करावा.

काल दुपारी कारखान्याला अर्धी सुट्टी होती. एकेक करून अकरा खिळे उपटले. कडेला तुझे दोन स्क्रू होते, तेही काढले. फळी निखळून पडेल म्हणून खांदा लावून उभा राहिलो. ती पडली नाही. सावकाश खाली आली आणि दोन पाय आपोआप उघडून जमिनीवर टेकली. खाली पितळी बिजागऱ्या होत्या, तेलात भिजवलेल्या चिंधीत गुंडाळलेल्या. एवढ्या वर्षांनीही कुरकुरल्या नाहीत.

तो पलंग होता, दादा. भिंतीवर वर छताजवळ दोन कड्या होत्या, पडद्याच्या दोरीसाठी. आणि फळीच्या आतल्या अंगाला तुझ्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं : "बारक्या ५ फूट ५. वाढता आहे, तीन इंच जास्त."

मी त्याच फळीवर बसलो. शेवटी पाव जळल्याचा वास आला तेव्हा उठलो.

तू सगळं मोजलं होतंस. तुमचा पलंग तिकडे, मधे पडदा, मी इकडे खिडकीजवळ, वाचायला उजेड मिळावा म्हणून. आणि मी काय केलं? तू वहिनींना घेऊन आलास त्या संध्याकाळी दार अडवून उभा राहिलो. तुझ्या हातात पेटी, वहिनींच्या काखेत अंथरुणाची वळकटी. मी म्हणालो, "इथे तिसऱ्या माणसाला जागा नाही." हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवापुढेसुद्धा गोलगोल बोलत आलो. वहिनी रागावल्या नाहीत, तेच वाईट. हळूच म्हणाल्या, "भावजी, मी फार जागा घेत नाही."

तू एका शब्दाने म्हणाला असतास, "फळी ओढून बघ," तर! पण तू बोलला नाहीस, आणि मी तर कुणाचं ऐकायच्या वयाचा नव्हतो. तीन रात्री कशाबशा इथेच काढून चौथ्या दिवशी तुम्ही दुसऱ्या गावी गेलात. निघायच्या आधी तू फळीत दोन स्क्रू पिळलेस. मला वाटलं, ओलीची काळजी.

लोक म्हणतात, हा माणूस बघा, कुणावर अवलंबून नाही. मी पण तसंच म्हणत आलो. खरं सांगतो, त्याची सुरुवात हट्टातून झाली. तुझ्याशिवाय भागतं, हे मला तुला दाखवायचं होतं, आणि तू तर बघतही नव्हतास. पुढे त्यात खरंच गोडी लागली. बी उगवताना पाहिलं की मन आपोआप हात जोडतं. पण एका माणसाला पुरेल एवढंच पिकवायची सवय लागली की माणूस तेवढाच उरतो.

आणखी एक. वहिनी देवाघरी गेल्या तेव्हा मी आलो नाही, असं तुला वाटत असेल. आलो होतो. तुझ्या घराच्या कोपऱ्यावर उभा होतो. तू पायरीवर बसला होतास, पायात चप्पल नव्हती. वीस पावलं चाललो असतो तर पोचलो असतो. परत फिरलो, आणि बसमध्ये हातातली पिशवी तशीच होती. त्यात तुमच्यासाठी घरचे टोमॅटो होते. वहिनींची क्षमा आता कुठे मागू? तुझी मागतो.

बटाट्याचा खोका आता होणार नाही. फळी मी पुसून, हलका रंधा मारून ठेवली आहे. तुझं लिहिलेलं तेवढं सोडून. तुझ्या खळग्यात अंगठा न बसल्यामुळे दोन ठिकाणी वाकडी झाली, तू बघून हसशील.

ये. चार दिवसांसाठी ये, नाहीतर राहायलाच ये. लेकाला सांग, काकाने बोलावलंय. हात थरथरतात म्हणून मागे राहू नकोस. रंधा आता मी ढकलीन, तू फळी दाबून धर. थरथरत्या हातानेही वजन पडतं. उजेडाकडची जागा तुझी. पडद्याची दोरी शिंपीण लावून देते म्हणाली आहे. तिला सगळं सांगितलं, आणि पहिल्यांदाच तिला टोमणा सुचला नाही.

फळी खाली घेऊन ठेवली आहे. आता ती मी वर करणार नाही. खोलीत चालायला जागा उरली नाही, आडवा होऊन खिडकीपाशी जातो. चालतं.

तू जास्तीचे ठेवलेले तीन इंच अजून तसेच रिकामे आहेत, दादा. मी वाढलोच नाही.

तुझा,
पाच फूट पाच इंचांचा
बारक्या