रामा मांडवकर यांच्या आवाजावर यंत्रांची चाचणी घेण्याबाबत

प्रति,
मा. साहित्य निवड अधिकारी,
लाटघर रंगमंदिर न्यास,
रत्नागिरी.

विषय : ध्वनिकक्षातील गेट व कॉम्प्रेसर या यंत्रांच्या शनिवारच्या निवड चाचणीत श्री. रामा धोंडू मांडवकर यांचा आवाज घेण्याबाबत, आणि रविवारच्या नमनासाठी एका माईकवरील गेट काढून देण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, आपल्या कार्यालयाची त्यांवरील उत्तरे, आणि ज्यांना उत्तर आले नाही ते अर्ज.

महोदय,

१. अर्जदार वेदिका रामा मांडवकर ही आपल्या रंगमंदिरात कंत्राटी ध्वनिसंयोजक आहे. यापूर्वीचे अर्ज तिने थोडक्यात लिहिले होते. थोडक्यात लिहिल्यामुळे ते समजले नाहीत, की समजल्यामुळे बाजूला ठेवले गेले, हे तिला कळलेले नाही. म्हणून या वेळी सर्व हकीकत पहिल्यापासून सांगण्याची परवानगी ती घेत आहे.

२. ध्वनिकक्षातील लोखंडी मांडणीत दोन प्रकारची यंत्रे बसवलेली आहेत. कॉम्प्रेसर चढलेला आवाज दाबून बेतात ठेवतो. गेटचे काम वेगळे. ठरवून दिलेल्या पातळीपेक्षा आवाज लहान झाला की ते माईक बंद करते, आणि मोठा झाला की उघडते. ही यंत्रे आणण्यामागचे कारण खरे होते, हे अर्जदार मान्य करते. एका संगीत नाटकात नायिकेच्या पदापेक्षा पंख्यांची घरघर आणि विंगेतल्या कपबश्याच जास्त ऐकू आल्या, आणि प्रेक्षकांनी लेखी तक्रार केली. यंत्रांवर अर्जदाराचा राग नाही. यंत्र सांगितलेले काम करते, आणि कार्यालयात एवढे करणारा कोणी भेटला तर अर्जदार त्याच्याही पाया पडेल.

३. ही यंत्रे ज्या रीतीने निवडली, ती रीत मात्र नमूद करणे भाग आहे. समिती रिकाम्या प्रेक्षागृहात बसली. पंखे जोरात लावले. मंचावर माईक ठेवला, माईकसमोर माणूस ठेवला नाही. कर्ण्यातून काहीही ऐकू येणार नाही ते यंत्र उत्तम, असा निकष ठरला. एका यंत्रातून पंख्याची बारीक सळसळ आली, ते नापास झाले. एक यंत्र ठार गप्प राहिले, त्याचे सर्वांनी चहा घेता घेता कौतुक केले. मग समितीचे तांत्रिक सल्लागार श्री. शौनक यांनी माणसाचा आवाजही तपासावा असे सुचवले, आणि ज्येष्ठ सदस्य आप्पा माईकपाशी गेले. आप्पांचा आवाज रत्नागिरीत सर्वांना ठाऊक आहे. बागेच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या झाडावरच्या गड्याला हाक मारण्यात त्यांची हयात गेली. ते "हॅलो" म्हणाले, गेट उघडले, आणि त्या "हॅलो"वर यंत्राची पातळी कायमची ठरली.

४. बटणांवर लगेच पत्रा ठोकून लाखेचे सील लावण्यात आले. त्यालाही कारण होते. प्रत्येक मंडळाबरोबर आवाजातले कळणारा एक जण येतोच, आणि तो दिसेल ते बटण पिळून जातो. परंतु परिणाम असा झाला की आपल्या रंगमंदिरात आप्पांपेक्षा हळू बोलणाऱ्या माणसाचे बोलणे आता कुणाला ऐकू येत नाही. महिला मंडळाचा अंगाईगीतांचा कार्यक्रम पूर्णपणे शांततेत पार पडला व लोकांनी अंदाजाने टाळ्या वाजवल्या. एका शोकसभेत दिवंगतांच्या पत्नी बोलल्या. त्या रडत असताना काही ऐकू आले नाही, नाक शिंकरले तेवढे आले. त्यानंतर ही गोष्ट गावभर झाली असून आता शोकसभेतले वक्ते ओरडून दुःख व्यक्त करतात. बळी तो कान पिळी, ही म्हण आपण यंत्रात घालून सीलबंद केली आहे, एवढेच अर्जदाराचे म्हणणे.

५. आता अर्जदाराच्या घरची गोष्ट. ती इथे सांगावी लागते याचे तिला वाईट वाटते, परंतु गत्यंतर नाही. श्री. रामा हे अर्जदाराचे वडील. राजापुरापलीकडच्या आमच्या वाडीच्या नमनात, म्हणजे शिमग्याला देवळासमोर होणाऱ्या खेळात, पहिले बोल त्यांचे असतात. मृदंगावर थाप पडण्याआधी धरती, ग्रामदेवता आणि पालखीचे मानकरी यांना नाव घेऊन बोलवायचे, मगच खेळ उभा राहतो. हा मान एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो अशा रीतीने, की मान धरणाऱ्याने जमलेल्या लोकांसमोर बोल पुरे म्हणायचे, लोकांनी ते ऐकायचे, आणि मग त्याने आपले टाळ पुढच्याच्या हातात द्यायचे. लोकांनी ऐकले नाही तर दिले असे होत नाही. पुढचा आहे समर्थ, अर्जदाराचा चुलतभाऊ. तो त्यासाठी मुंबईहून रजा काढून येत आहे.

६. वडिलांच्या गळ्यात गाठ आहे. येत्या मंगळवारी शस्त्रक्रिया असून त्यांचे स्वरयंत्र काढून टाकण्यात येणार आहे. त्यानंतर त्यांना आवाज राहणार नाही. यंदा शिमग्यात ते रुग्णालयात होते, त्यामुळे गावच्या देवळासमोर बोल म्हणायचे राहून गेले. आता डॉक्टर त्यांना रत्नागिरीबाहेर जाऊ देत नाहीत. म्हणून वाडीने ठरवले की रामा येऊ शकत नाही तर नमन रामाकडे न्यायचे, आणि रविवारसाठी आपले रंगमंदिर घेतले. गावातले लोक ट्रकने येणार आहेत. हे सर्व अर्जदाराच्या भरवशावर ठरले, कारण तिथे आवाज बघायला आपली पोरगी आहे असे लोकांना वाटले.

७. तालीम परवा झाली. वडील मंचावर बसले आणि त्यांनी बोल सुरू केले. त्यांचा आवाज आता फार बारीक आहे, पण सुरात आहे. गेट उघडले नाही. कर्ण्यातून काहीच आले नाही. बोल ऐकू न आल्याने ते संपले असे वाटून मृदंग सुरू झाला, तेव्हा त्याच्या थापेने वडिलांच्या माईकचे गेट उघडू लागले. मग थाप पडली की बोलाचा एक तुकडा ऐकू यायचा आणि थाप विरली की मिटायचा. देवाचे अर्धे नाव, मानकऱ्याचे अर्धे आडनाव. त्यातच कॉम्प्रेसर थापेला दाबायला जाऊन तिच्यासोबत आलेला तुकडाही दाबून टाकत होता. अर्जदार ध्वनिकक्षात पत्रा ठोकलेल्या यंत्रासमोर हात बांधून उभी होती. वडिलांनी मध्येच थांबून गळ्याला हात लावला, आणि टाळ खाली ठेवले.

८. त्यांना वाटले की आवाज गेला, शस्त्रक्रियेची वाटही न बघता गेला. अर्जदाराने त्यांना रिक्षातून घरी नेताना परोपरीने सांगितले की तुमचा आवाज आहे, गेट बंद होते. त्यावर ते एवढेच म्हणाले, "यंत्र कशाला खोटा बोलंल?" आणि तेव्हापासून त्यांनी बोलणे टाकले आहे. पाणी हवे असले तर तांब्याकडे बोट दाखवतात. ज्या माणसाकडे आवाजाचे एवढेच दिवस उरले आहेत, तो ते मुक्याने काढत आहे, आणि त्याच्या लेकीचा पोटापाण्याचा धंदा लोकांचा आवाज लोकांपर्यंत पोचवणे हा आहे. महोदय, अर्जदाराला रात्री झोप येत नाही.

९. आपल्या कार्यालयाने आजवर सुचवलेले उपाय तिने करून पाहिले आहेत. गायकाने मोठ्याने म्हणावे, असे सुचवले. डॉक्टरांनी आवाज चढवण्यास मनाई केली आहे. मग आवाज लहान असल्याचा दाखला मागवला. तो दिला, तर त्यावर शेरा आला की लहान आवाजासाठी रंगमंदिरात स्वतंत्र तरतूद नाही. बोल आधी ध्वनिमुद्रित करून लावावेत, असेही सुचवले. देवाला मोबाइलवरून बोलावल्याचे वाडीत कुणी ऐकलेले नाही. सील काढण्याचा अधिकार भांडारपाल श्री. संदेश यांना आहे म्हणून अर्जदार त्यांच्याकडे गेली, तर ते रजेवर हर्णे येथे होते. ती हर्णेस गेली. मासळीच्या लिलावाच्या गर्दीत, हातात सुरमई घेऊन, त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि डोळे पुसले. परंतु साहेबांच्या लेखी हुकमाशिवाय आपण सीलला हात लावू शकत नाही, असे सांगितले. श्री. शौनक यांनीही गेट काढण्यास तोंडी संमती दिली आहे. म्हणजे ज्याला ज्याला विचारले त्याला हे पटते, आणि कुणालाच करता येत नाही.

१०. येत्या शनिवारी दुसऱ्या संचाची निवड चाचणी आहे, आणि ती पूर्वीच्याच रीतीने, आप्पांच्या आवाजावर होणार असल्याचे समजते. अर्जदाराची विनंती आहे की या वेळी मंचावर श्री. रामा यांना बसवावे. ज्या यंत्रातून त्यांचे बोल अखंड येतील, जे गेट पुरते न मिटता थोडे किलकिले राहते, सावकाश बंद होते आणि गरज नसेल तेव्हा एका बटणाने बाजूला ठेवता येते, ते घ्यावे. कॉम्प्रेसरही हलक्या हाताने दाबणारा असावा. त्यातून त्यांचा आवाज पोचला तर या जिल्ह्यातील कोणाचाही पोचेल. आप्पांना ही विनंती दाखवली असता त्यांनी यात मानापमान मानला नाही. ते म्हणाले, "माझी काळजी नको, मी विनामाइकचाही पोचतो." त्यांनी सोबत सही केली आहे.

११. ते शक्य नसेल, तर रविवारी बोल होईपर्यंत एका माईकपुरते सील काढू द्यावे. सील काढल्याने यंत्राची हमी रद्द झाल्यास अर्जदाराचे कंत्राटही त्याच दिवशी रद्द करावे. तिची हरकत नाही, तसे लिहून देत आहे.

१२. तेही शक्य नसेल, तर अर्जदार शेवटची विनंती करते. बोल होईपर्यंत सर्व यंत्रे बंद करावीत आणि प्रेक्षागृहातले पंखे थांबवावेत. लोक खुर्च्या सोडून मंचाजवळ येऊन बसतील. एप्रिलचा उकाडा आहे, घाम येईल, तो आमचा आम्ही सोसू. पंखे बंद करण्यासाठी कोणते सील काढावे लागत नाही, हे अर्जदाराने तपासून पाहिले आहे.

१३. तालमीच्या आदल्या दिवशी वडील स्वयंपाकघरात बसून बोल म्हणत होते. अर्जदाराने ते मोबाइलवर घेतले. ते त्यांना ऐकवावेत, म्हणजे आवाज आहे हे पटेल, असे तिच्या मनात होते. त्यांनी मान फिरवली. एका यंत्राने गेला म्हटलेला आवाज आहे, हे ते आता दुसऱ्या यंत्रावरून मानायला तयार नाहीत. जमलेल्या माणसांची मान हललेली दिसली तरच मानतील, आणि त्यासाठी रविवार एवढा एकच दिवस आहे.

लेखी हुकमाची वाट कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून पाहणारी,

आपली नम्र,
वेदिका रामा मांडवकर
ध्वनिसंयोजक (कंत्राटी)

ठिकाण : रत्नागिरी
दिनांक : १७ एप्रिल २०२५

सोबत :
१. डॉक्टरांचा दाखला.
२. आप्पांचे सहीचे संमतिपत्र.
३. श्री. रामा धोंडू मांडवकर यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण. कृपया ऐकताना आपल्या टेबलावरचा पंखा बंद करावा.