पंखवाल्या बिया

३ एप्रिल, सकाळी ९.४०
आजपासून नोंदी. शास्त्रज्ञाने नोंदी ठेवायलाच हव्यात. पदाने मी बीसंग्रहातला सहायक, पण आमच्या संस्थेत पदाचा आणि पात्रतेचा संबंध नसतो.
संग्रहाच्या प्रमुख, आमच्या बाई, काल हॉस्पिटलात गेल्या. कंबरेचं ऑपरेशन, महिनाभर सुट्टी. जाताना पंपहाउसमागची पट्टी माझ्या स्वाधीन केली. लांबीला जेमतेम वीस पावलं. तिच्यात कोरिऑप्सिस या रानफुलाच्या दोन जाती, सख्ख्या बहिणीच, मिसळून उगवल्या आहेत. बी गोचिडीसारखी दिसते म्हणून आम्ही गोचीडफूल म्हणतो. एकीच्या बीला पातळ पंख असतो, दुसरीच्या नसतो. बिनपंखी कुठेही उगवते. पंखवाली आता फक्त या पट्टीत उरली आहे, असं बाई म्हणतात. बारा वर्षं शोधताहेत. दोन्ही एका हंगामाच्या. झाड मरतं, मागे राहते ती बी.
५ मेला पट्टीवर काँक्रीट पडणार. त्याआधी बी गोळा करायची. बाईंचा हुकूम: झाडांना हात लावू नका, नुसतं बघा, पिकली की सगळी बी आणा, निवड मी करीन.
नुसतं बघायला बुजगावणंही चाललं असतं.

६ एप्रिल
फुलं आली. पिवळी, मध्ये लाल कडं. पुस्तक सांगतं, रंगावर जाऊ नका, फुलाची मागची बाजू बघा, आणि शेवटचा निकाल पिकलेल्या बीवर. पुस्तकं नजर नसलेल्यांसाठी असतात. रुंद कडं म्हणजे पंखवाली, अरुंद म्हणजे साधी. तीन दिवसांत लागला शोध. बाईंना बारा वर्षं लागली, पण मी ते त्यांच्या तोंडावर बोलणार नाही.

९ एप्रिल
कल्पना! साधी झाडं पंखवालीचं पाणी पितात. ती काढली तर पंखवालीला मोकळा श्वास, बी दुप्पट. माळीबुवांना सांगितलं. म्हणाले, बाईंनी हात लावायला मना केलंय. मी म्हटलं, बाई आजारी आहेत, जबाबदारी माझी. त्यावर म्हणाले, साहेब, बघा बुवा, उपटलेलं परत रोवता येत नाही.
आमच्याकडे जो तो उंटावरचा शहाणा.

१२ एप्रिल
तीन दिवस उपटत होतो. दोनशे चौदा गेली, साठ राहिली. ढीग कुंपणाशी लावला. पट्टीला टक्कल पडल्यासारखं दिसतं आहे, पण गर्दी कमी झाली की असं दिसणारच. कंबर धरली. उद्यापासून रोज व्यायाम.
संध्याकाळी बाईंचा फोन. आवाज खोल गेलेला. झाडांना हात नाही ना लावला, विचारत होत्या. मी म्हटलं, छे. खोटं नाही, हातात मोजे होते.

१५ एप्रिल
व्यायाम राहिला. सकाळी पट्टीभोवती चुन्याची पांढरी रेघ दिसली. कुणी मारली, कधी, माहीत नाही. पंपहाउसच्या पहारेकऱ्याला विचारलं, तोही म्हणाला, मी नाही पाहिलं बुवा.

१७ एप्रिल
रेघ दोन हात आत सरकली आहे. जुनी पुसलेली नाही. आता दोन रेघा. काँक्रीटचा मुकादम म्हणतो, तारखेचा काय भरवसा, गाडी आली की ओतायचं.
झोप लागत नाही. उष्म्याने असेल.

१९ एप्रिल
शोध दाखवावा म्हणून दोन फुलं घरी नेली, एक पट्टीतलं, एक ढिगातलं. बायकोने पाकळ्यांकडे बघितलंच नाही. भाजी निवडताना करते तसं फूल उलटं केलं, खालच्या हिरव्या पानांवरून बोट फिरवलं, आणि म्हणाली, अहो, ह्याच्या कडेला बारीक लव आहे, हे गुळगुळीत. लाल काय, रुंद-अरुंद असायचंच. मी विचारलं, लव कुठल्याला? तिने दाखवलं ते ढिगातलं.
पुस्तक काढलं. लव असलेली पंखवाली. पुस्तक मिटलं.
दुपारी पट्टीत जाऊन साठच्या साठ उलटून बघितली. सगळी गुळगुळीत. उन्हाने लव झडली असणार. उन्हाने माणसांचे केस जातात, फुलांचं काय घेऊन बसलात.

२० एप्रिल, सकाळी ७
माळीबुवा घरी आले. कधी येत नाहीत. पायरीवरूनच म्हणाले, ढिगातली फुलं वाळता वाळता बी धरताहेत. आठवडाभर सावलीत ठेवू, मग चाळून घेऊ. कुठलीही असो, बी ती बी.
चाळायचं म्हणजे ढीग बाईंना दाखवायचा. ढीग दाखवायचा म्हणजे सगळं सांगायचं. मी म्हटलं, त्या झाडांना कीड आहे, जाळून टाका. कीड दिसली नाही म्हणाले. मी म्हटलं, भिंगातून दिसते.
बरं, म्हणाले.

२० एप्रिल, ११.१५
ढीग दहा मिनिटांत जळून संपला. मला वाटलं होतं वेळ लागेल. मला भीती वाटते आहे. कशाची ते लिहीत नाही.

२८ एप्रिल
साठ झाडांची बी गोळा केली. पाकीट चांगलं फुगलं. वर ‘पंखवाली’ लिहिलं, अक्षर सुरेख आलं. भिंगाखाली धरली नाही. निवड बाई करणार, असंच ठरलं होतं. ठरलेलं मोडू नये.

३० एप्रिल
गाडी पाच दिवस आधीच आली. दुपारी पट्टी करडी झाली. ओल्या काँक्रीटवर एक मधमाशी बराच वेळ घिरट्या घालत होती. शेवटी मीच तिथून निघालो.

४ मे
बाई काठी टेकत आल्या. बसवत नाही म्हणून उभ्यानेच भिंगाशी. एकेक बी चिमट्याने उचलायची, बघायची, डावीकडे ठेवायची. उजवीकडचा, पंखवालीसाठी ठेवलेला कागद कोरा. मी चहा आणला, तो थंड झाला. चारशेच्या वर बिया होत्या. बाईंनी सगळ्या बघितल्या, मग डावीकडचा ढीग पुन्हा पहिल्यापासून.
शेवटी विचारलं, लव असलेली झाडं मार्चमध्ये कळ्यांवरून मी स्वतः मोजली होती, शंभरावर. ती कुठे गेली? मी म्हटलं, कीड पडली, जाळावी लागली. बाईंनी दारातल्या माळीबुवांना विचारलं. ते म्हणाले, साहेबांनी तसंच सांगितलं होतं.
यात एक अक्षर खोटं नाही.
बाई खुर्चीत बसल्या. कंबरेचंही भान राहिलं नाही. रडल्या. मग डोळे पुसून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, एकट्याने एवढं सांभाळलंत.
माळीबुवा माझ्याकडे बघत होते. बाईंचा हात पाठीवरून निघेना. मला बरं वाटायला हवं होतं.