कोमट मध

शेतावरून आलात की आधी हातपाय धुवा, मग हे वाचा. मी मुरबाडला आईकडे चालले. भांडून नाय जात. चार दिवस नुसती झोपणार आहे.

शिंक्यावरच्या टोपात तुमचे ते ग्रीस देशातले गोळे तळून ठेवलेत. पीठ ताडी घालून फुगवलं आणि तुमी दाखवलंत तसं डाव्या मुठीतून पिळून तेलात सोडलं. या वेळी आतून पोकळ झालेत.

मागं तीन वेळा तुमी एकेक खाऊन "तसं नाय झालं" म्हणालात, ती चूक माझीच. मध गरम करून ओत, असं तुमी सांगितलं होतं. पण तापवलेल्या मधाचं विष होतं असं आत्याबाई म्हणतात, म्हणून मी गारच ओतत होते आणि गरम केला म्हणून सांगत होते. आज चुलीच्या कडेला ठेवून कोमट केला. आधी मीच चार गोळे खाऊन बघितले. सकाळपासून मला काय झालं नाय. उरलेला मध वाटीत आहे. खायच्या वेळी परत कोमट करा, मग ओता. आत्याबाईंना दिसू देऊ नका.

लढाईत तुमी जखमी झालात तेव्हा तिकडच्या त्या म्हातारीनं तीन दिवस हे खाऊ घातलं, तिचे उपकार मी मानते. तुमाला घरी येऊन आठ महिने झाले. माझ्या हातचं काय एक तुमी अजून मागितलं नाय.

आजही तशी चव लागली नाय, तरी मी आल्यावर लागली म्हणा. पाचव्यांदा माझ्याच्यानं होणार नाय.

बाईजा