फोमच्या गादीखाली शेगडी न ठेवण्याबाबत शिक्क्याचा कागद मिळावा

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
तुमसर, जि. भंडारा.

अर्जदार : परसराम सोनबा मेश्राम, वय ५९, निवृत्त वनमजूर, रा. आंबागड, ता. तुमसर.

विषय : बाळंतिणीच्या खाटेवर फोमची गादी असताना खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवण्यास लेखी मनाई मिळणेबाबत. (शुक्रवारच्या आत)

संदर्भ : गावच्या आशा सेविका करुणाताई यांनी दि. ७ रोजी आमच्या ओसरीत दिलेली तोंडी समज, जी माझ्या पत्नीने मानली नाही.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, मी फार घाबरलेलो आहे. अर्जात असे लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे, परंतु खरे तेच लिहितो.

१. माझी मुलगी भावना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई जीवन यांनी तिच्यासाठी तुमसरहून फोमची नवी गादी पाठवली. जावई भला माणूस आहे, त्यांच्याविषयी तक्रार नाही. गादीला मात्र रंगाच्या डब्यासारखा उग्र वास होता. भावनाला त्याने मळमळत असे व जेवण जात नसे.

२. वास घालवण्यासाठी माझी पत्नी विमलाबाई हिने गादीवर खाण्याचा सोडा भुरभुरला, कडुनिंबाचा पाला अंथरला, उशाशी कोळशाची पुरचुंडी ठेवली. दोन दिवस गादी अंगणात उन्हातही घातली. वास जिथल्या तिथे. कारण हे सारे उपाय गादीवरच्या प्लास्टिकच्या वरून झाले. जावयाची वस्तू मळायला नको म्हणून प्लास्टिक काढायचे नाही, असा विमलाबाईचा हुकूम होता. मीही ते तसेच राहू दिले.

३. गावात बाळंतिणीचे शेकणे आमची वहिनी रंभाबाई पाहते. ती म्हणाली, "इस्तवापुढे कोनता वास टिकते? खाटेखाली शेगडी ठेव, ओव्याची धुरी दे, आपोआप पळते." आपणास माहीत आहेच की आमच्याकडे बाळंतिणीला खाटेवर निजवून खाली निखारे ठेवतात. सुतळीची खाट आणि वर जुनी गोधडी, म्हणून आजवर निभावले. फोमचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही.

४. रविवार दि. ६ रोजी दुपारी शेगडी खाटेखाली ठेवली. थंडी होती, ऊब बरी वाटली म्हणून भावना त्याच गादीवर आडवी झाली. तिला नववा महिना होता. थोड्या वेळाने ती लघुशंकेस उठून गेली. ती अंगणात असतानाच खोलीतून काळा धूर निघाला. गादी खालून वितळून तिचे पेटते थेंब शेगडीत पडत होते. मी गादी ओढून अंगणात टाकली आणि तिच्यावर माती लोटली. गादीला जेवणाच्या ताटाएवढे भोक पडले असून ते बरोबर तिच्या पाठीच्या जागी आहे. उजव्या हाताची दोन बोटे भाजल्याने अक्षर वाकडे आले आहे, क्षमा असावी.

५. इथे एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. शेगडीत निखारे मी भरले होते. फुंकर मी घातली होती. बावीस उन्हाळे मी आंबागडच्या डोंगरावर वणवा विझवला. वाळल्या पानाजवळ कोणी विडी पेटवली तर मी ती हातातून हिसकावून घेत असे. आणि स्वतःच्या पोटच्या पोरीखाली मी विस्तव सरकवला, कारण घरातल्या बायका म्हणाल्या आणि मला वाद नको होता. तेव्हापासून तो वास माझ्या नाकातून जात नाही. भातालाही तोच वास येतो. उसळीलाही तोच येतो.

६. सोमवारी करुणाताई आल्या. त्यांनी स्पष्ट सांगितले की प्लास्टिक काढून गादी आठ-दहा दिवस वाऱ्यावर उभी ठेवली असती तर वास आपसूक गेला असता, आणि शेगडी बाळंतिणीखाली ठेवूच नये. विमलाबाई म्हणाली, "माह्ये तीन लेकरं शेगडीवरच वाढले. तुले एक तरी हाय का?" करुणाताई पिशवी उचलून निघून गेल्या. मला फार लाज वाटली.

७. मंगळवारी सरकारी दवाखान्यात भावनाला मुलगी झाली. वजन अडीच किलो, रंग आजीचा. शुक्रवारी दोघी घरी येणार आहेत. इकडे विमलाबाईने गादी उलटी करून भोकावर लुगड्याचा तुकडा शिवला आहे. गादी काढता येत नाही, कारण जावई मुलगी पाहायला येतील तेव्हा त्यांना काय वाटेल. शेगडी काढता येत नाही, कारण बाळंतीण शेकली नाही तर जन्मभर कंबर धरेल. यावेळी निखारे थोडे कमी घालू, एवढेच तिचे म्हणणे आहे. मी विरोध केला तर म्हणते, "तुमी काहून भेऊन राहिले? तुमाले काय समजते बाळंतपनातलं?" खरोखर मला त्यातले काही समजत नाही. आगीतले समजते.

८. विमलाबाई वाईट बाई नाही. ती एकोणीस वर्षे अंगणवाडीत मदतनीस होती. माझे ऐकत नाही, डॉक्टरचे निम्मे ऐकते, पण गोल शिक्क्याच्या कागदाबाहेर तिने आयुष्यात पाऊल टाकले नाही. असे सारे कागद तिने पेटीत घडी घालून ठेवले आहेत. म्हणून दोन ओळींचा कागद द्यावा, ही हात जोडून विनंती. त्यात तिचे नाव 'श्रीमती विमलाबाई परसराम मेश्राम' असे पूर्ण लिहावे व शिक्का ठळक उमटवावा. कागद मिळेपर्यंत मी आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून आहे.

कागदाची वाट पाहणारा, आपला नम्र,
परसराम सोनबा मेश्राम
दि. ९ जानेवारी २०१९

सोबत :
(१) गादीचा जळका तुकडा, पिशवीत बांधून. कृपया पिशवी खोलीत उघडू नये.
(२) वणवा विझवल्याबद्दल मिळालेल्या प्रशस्तिपत्राची प्रत.
(३) घरातील लोखंडी शेगडी, नग एक. ती न विचारता उचलून आणली आहे. पत्नी मागायला आली तरी देऊ नये, आणि मी मागायला आलो तर मलाही देऊ नये.