काचेच्या हॉटेलातली पोपटी

॥ श्री ॥

गिरगाव, मुंबई
३ जानेवारी २०२५

ति. दादास,
धाकट्या गोदूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू कपाटात पुरून ठेवलं आहेस, म्हणून लिहिते. मी चौलला येऊन गेले हे तुला एव्हाना कळलंच असेल. आपल्या गावात कुणी शिंकलं तरी रेवदंड्यापर्यंत बातमी जाते. सुश्रुतने माझ्या सत्तरीची भेट म्हणून खाडीकडच्या त्या काचेच्या हॉटेलात खोल्या घेतल्या होत्या. तो आणि क्षिप्रा बंगळूरहून आले, मला गाडीत घातलं, आणि फाटक येईपर्यंत कुठे चाललोय ते सांगितलं नाही. माहेरच्या गावात पैसे भरून राहिली असं लोक म्हणतील. पैसे लेकाने भरले, एवढं तरी माझ्या बाजूने सांग.

नाव मोठं, लक्षण खोटं, असा प्रकार आहे. दारातच एका मुलीने गळ्यात शिंपल्यांची माळ घातली आणि हातात सरबत दिलं. त्यात कोकम सोडून सगळं होतं, वर कागदाची छत्री. भर हिवाळ्यात छत्री कशाला, असं विचारलं तर ती गोड हसली. तिथे सगळेच गोड हसतात. खोलीतला गारठा कमी करा म्हटलं, तर एकामागून एक माणसं आली, हसली आणि गेली. मी शालीवर पलंगपोस गुंडाळून बसले. न्हाणीघराची भिंत काचेची. ज्याला ती सुचली त्याच्या घरी आई-बहीण नसावी. गादीवर टॉवेलाचं बदक करून ठेवलं होतं. ते मोडायला क्षिप्राच्या जिवावर आलं, म्हणून तिने ओढणीला हात पुसले.

जुनं कोकण दाखवायचं म्हणून रहाटाचे मातीचे लोटे दिव्यांवर पालथे घातले आहेत आणि आख्खा पाटा भिंतीत चिणलाय. वाटण मात्र पाकिटातलं, ते पहिल्या घासाला कळतं. मासा मागवला. रेवदंड्याच्या होड्या हाकेच्या अंतरावर, आणि ताटात आलं काय, तर बर्फातलं काहीतरी पांढरं, ज्याला ना वास ना काटा. वाढणाऱ्याला माशाचं नाव विचारलं. तो म्हणाला, फिश.

कळस झाला पोपटीचा. कार्डावर मोठ्या अक्षरांत 'अस्सल अलिबागी पोपटी' असं छापलं होतं. चहाच्या पेल्याएवढं मडकं आलं, तेही सुलटं. वालाच्या शेंगांच्या जागी मटार, भांबुर्ड्याच्या जागी पुदिना, आणि जाळाच्या जागी भट्टीचं बटण. भांबुर्डा कुठाय विचारलं, तर आचारी म्हणाला की रानातलं गवत आम्ही पाहुण्यांना घालत नाही. याहून वाईट म्हणजे सुश्रुत म्हणाला, छान आहे की गं आई! वहिनीच्या हातची पोपटी खाऊन वाढलेलं पोर ते. मला त्याचा राग आला, आणि मग माझाच आला.

खोलीला 'सी व्ह्यू' म्हणून वेगळे पैसे लावले होते. समुद्र काही दिसला नाही. आपली वाडी दिसली.

जनीला सांग, तुझ्या भाजीत तिखट बेताने घालत जा. रागावला असलास तर रागव, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
गोदू


॥ श्री ॥

चौल
९ जानेवारी २०२५

चि. गोदूस,
बापूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. बातमी त्याच्या आधीच पावली होती. दिपेश रिक्षावाल्याने भर नाक्यावर विचारलं की बापू, तुमची बहीण हाटेलात उतरली हाय, घरात जागा न्हाय काय? मी ऐकू न आल्याचं सोंग केलं. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा.

हॉटेलाची निंदा तू मला काय सांगतेस? मीही तिथे राहून आलोय. दचकू नकोस, फुकट. त्यांना आपली वाडी हवी आहे, घरासकट. पाहुण्यांसाठी खोपट्या बांधायच्या आहेत. खोपटी म्हणजे आत थंड हवेचं यंत्र आणि वर शोभेला माडाचा झाप. मॅनेजर वर्षभर खेटे घालतोय. तुळशीच्या लग्नानंतर म्हणाला, बापूसाहेब, एक रात्र आमचे पाहुणे व्हा, म्हणजे तुमच्या वाडीचं काय सोनं होणार ते कळेल. गेलो. पंचा आणि तांब्या घरचा नेला होता, हे शहाणपण केलं.

गादी अशी की एकदा आत गेलो तो उठवायला माणूस हवा. सकाळी दात घासत दाराबाहेर डोकावलो, तर दार आपोआप मागे मिटलं. त्याला चावी नाही, एक पत्ता असतो, खेळायच्या पत्त्यासारखा, आणि तो आत राहिला. मी पंच्यावर, तोंडात राखुंडी. तेवढ्यात मुंबईचं एक जोडपं आलं. मदत करायची सोडून त्यांनी माझा फोटो काढला. हॉटेलानेच मला जुनं कोकण म्हणून उभं केलंय असं त्यांना वाटलं! बाई तर म्हणाली की थोडं उजेडात या. नाश्त्याला शहाळं दिलं, तेही परराज्यातून ट्रकने आलेलं, आणि समोर खिडकीत माझ्या माडांची रांग. असल्या लोकांना मी आजवर नाही म्हणत आलो.

पण आता ऐक. माघ लागला की मॅनेजर विक्रीचा कागद घेऊन येणार आहे, आणि मी हो म्हणणार आहे. तुझी वहिनी गेली. लेक सई कॅनडात, ती वाडीत रमणार नाही हे तिनेच सांगितलंय. राहता राहिलीस तू. तुला कधी दार बंद होतं का? तरी माझी सख्खी बहीण इथवर येते, परक्याच्या गादीवर निजते आणि तोंड न दाखवता परत जाते. मग माजघर मी कुणासाठी सारवून घेऊ? बहिणीला हॉटेलच बरं वाटत असेल, तर होऊ दे सगळ्याचंच हॉटेल.

जनीला तिखटाचं सांगितलं. ती म्हणाली, ताईंनी येऊन सांगावं. आपुलकी आहे असं समजून चालतो.

तुझा,
बापू


॥ श्री ॥

गिरगाव, मुंबई
संक्रांत, १४ जानेवारी २०२५

ति. दादास सा. न. वि. वि.

तिळगूळ सोबत पाठवते आहे. गोड बोलायचं मात्र आज जमणार नाही.

मी तोंड न दाखवता गेले, हे खरं. पण दार उघडं होतं असं तू कुठल्या तोंडाने म्हणतोस? लग्न झाल्यापासून मी माहेरी आले ती बोलावणं आल्यावर. दर पौषात रेवसच्या लाँचवरून कुणाच्या तरी हाती वालाच्या शेंगांची पिशवी यायची. वर भांबुर्ड्याची एक डहाळी. पिशवी भाऊच्या धक्क्यावर पोचली की सुश्रुतचे बाबा चिडवायचे, आलं तुझं मूळ, बांध बोचकं. मग मी चार दिवस चौलला. वहिनीने कधी 'ये' असा शब्द लिहिला नाही आणि मी कधी मागितला नाही. वहिनी गेल्यावर पहिला पौष कोरडा गेला. म्हटलं, दुःखात आहे. दुसराही कोरडा गेला. मग समजले, की आपलं माहेर वहिनीबरोबर गेलं. बोलावणं नसताना उंबऱ्यात उभं राहायला मी काय भिकारीण आहे?

आणि खोलीतून वाडी दिसली एवढंच तुला लिहिलं होतं. तूही दिसलास. झाप ओढून एकीकडे रचत होतास. मग विहिरीच्या काठावर बसून डब्यातलं काहीतरी एकटाच खाल्लंस. सदरा किती ढिला झालाय तुझा. मी त्या काचेआड हातात कप घेऊन उभी होते. चहा कसला, कोमट पाणीच ते. मला इतका राग आला होता तुझा, आणि इतकं रडू येत होतं, की सुश्रुतला सांगितलं, डोळ्यांत थंड हवा जातेय.

वाडी दे. तुझी आहे. पण माझ्या माथी खापर फोडून देऊ नकोस.

तब्येत सांभाळ. लोभाचं काय ते तूच ठरव.

गोदू


॥ श्री ॥

चौल
२१ जानेवारी २०२५

चि. गोदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जनीकडून मोठ्याने वाचून घेतलं. मला वाचता येतं, पण खात्री करायची होती.

गोदू, ती पिशवी दरवर्षी रेवसच्या धक्क्यावर मीच नेऊन देत होतो. सायकलवर, पुढे एसटीने. आणि मला वाटायचं, ही नणंदेला भाजी पाठवतेय! एकदा तर मी तुझ्या वहिनीवर वैतागलो, की मुंबईत काय शेंगा मिळत नाहीत? ती नुसती हसली. वर पाला कशाला ठेवतेस म्हटलं, तर म्हणाली, असू दे. एवढी वर्षं तुला बोलावणं मीच पोचवत होतो आणि मलाच ठाऊक नव्हतं. मी समजायचो, पौष आला की गोदूला घर आठवतं, म्हणून येते. ती गेली आणि तू यायची थांबलीस. मला वाटलं, तुझी ओढ वहिनीपुरतीच होती. दोन वर्षं मी त्याच रागावर जगतोय. माणसाने किती मूर्ख असावं त्याला काही माप?

परवा स्वतः बांधावर गेलो. पहिल्यांदा जो पाला आणला तो बघून जनी पोट धरून हसली. हॉटेलवाल्यांचा पुदिना निदान खायचा तरी असतो, हा बकरीही खायची न्हाय, म्हणाली. दुसऱ्या खेपेला बरोबर आणला. शेंगा मीच तोडल्या आहेत, निबर निघाल्या तर नाव ठेव. पिशवी लाँचवर कामाला असलेल्या धर्माजवळ दिली आहे, हे पत्र तिच्यातच घातलंय. बोलावणं कसं लिहितात ते मला माहीत नाही. पिशवीलाच माहीत आहे.

मॅनेजरला अजून उत्तर दिलेलं नाही. ते तुझ्या येण्यावर आहे.

तुझा चुकलेला भाऊ,
बापू


॥ श्री ॥

चौल
२ फेब्रुवारी २०२५

चि. सुश्रुत व चि. सौ. क्षिप्रा यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू 'हो आई' म्हणतोस आणि डोळे लॅपटॉपवर असतात, म्हणून लिहिते. मी मामाकडे आहे. पिशवी आली, तशी बोचकं बांधून लाँचने निघाले. निम्म्या शेंगा निबर होत्या. रेवसला मामा उभा होता, कानात यंत्र घालून. मी काय बोलते ते ऐकायचं होतं म्हणे, आणि माझ्या तोंडून तर शब्द फुटेना. मग तोच म्हणाला की यंत्र बिघडलंय बहुतेक. दोघंही धक्क्यावर हसत रडलो.

काल वाडीत पोपटी लावली. मडकं कसं, तर पालथं. तोंडाला भांबुर्ड्याचा बोळा, आत थर लावून शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. मामाने मीठ दोनदा घातलं आणि कबूल केलं नाही. झापांच्या जाळाला ती लागत असतानाच हॉटेलचा मॅनेजर कागद घेऊन हजर झाला. मामाने त्याला केळीच्या पानावर शेंगा वाढल्या. त्याने खाल्ल्या, मग आणखी मागितल्या. तिसऱ्यांदा घेताना म्हणाला की ही रेसिपी आमच्या आचाऱ्याला द्याल का? मामा म्हणाला, देतो. पण पाला या वाडीतला लागतो, आणि वाडी विकायची नाही. बिचारा हात पुसायला काही शोधत होता. मी म्हटलं, तुमच्याकडे बदक असतं ना?

भेटीबद्दल तुझ्यावर राग नाही. तू प्रेमानेच नेलंस, पण मला पैशाने मिळणारं माहेर दाखवलंस, आणि ते काचेआडचं होतं. पुन्हा सत्तरी आली तर असलं काही करू नकोस.

आता कामाचं. पुढच्या पौषात मामा तुझ्या बंगळूरच्या पत्त्यावर एक पिशवी पाठवणार आहे. वर पाल्याची डहाळी असेल. ती फेकू नकोस, आणि भाजी आली समजून शेंगा शिजवायला घेऊ नकोस. बोचकं बांध आणि ये.

वडीलधाऱ्यांची ओढ राहू द्यावी.

तुझी,
आई