नारळ फुटलेलं शेत

रविवार, १२ एप्रिल, रीडिंग, इंग्लंड

नारळ फुटला, पण दुसऱ्याच्या शेतात. कुठेतरी लिहायलाच हवं, कारण बायकोला सांगायची हिंमत नाही.

महिनाभर मी ट्रेनमध्ये अमेरिकेचा इतिहास वाचतोय. देश नुकता स्वतंत्र झालेला, आणि तिथली बडी मंडळी भागीदारीत नुसता नकाशा बघून हजारो एकर घ्यायची. मग कळायचं, ती दलदल आहे. किती हसलो मी त्यांना! आणि मी आणि ऑफिसातल्या सुधीरने काय केलं? एक एकर, भागीदारीत, लॅपटॉपवर बघून. "घर बांधायची प्लॅनिंग परमिशन मिळू दे, मग बघ भाव," सुधीर म्हणे.

आज पहिल्यांदाच गेलो. भूमिपूजन हवंच म्हणून सुधीरने हळदकुंकू, उदबत्ती, नारळ, सगळं आणलेलं. दगड सापडेना, शेवटी नारळ गाडीतल्या पान्याने फोडला. खोबरं तोंडात असतानाच शेताची मालकीण कुत्रा घेऊन आली. बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, खोबऱ्याचा तुकडाही घेतला आणि कुंपणापलीकडे बोट दाखवलं. आमचं ते. तिथे गुडघाभर पाणी आणि पाण्यात दोन हंस.

परतताना वाटलं, सुधीर आता तरी सॉरी म्हणेल. तर म्हणतो कसा, "अरे, बाईंचंच शेत घेऊन टाकू. नारळ तर फुटलाच आहे तिथे."

मूर्खपणालाही काही हद्द असते! असा भडकलो, की गाडी बाजूला घेतली, त्याच्याकडे वळलो आणि विचारलं, "किती एकर असेल रे?"